स्वमग्न मुलाला तासांच्या मधल्या वेळात आधार कसा द्यावा?

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी):
माझ्या वर्गात स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झालेला सात वर्षांचा मुलगा आहे. तो गणितात सर्वांच्या पुढे आहे. मात्र परिपाठाला ध्वनिक्षेपक सुरू झाला की तो कानांवर हात दाबून पळतो आणि मधल्या सुट्टीनंतर बराच वेळ रडतो, कधी स्वतःचा हात चावतो. तासाला कसे शिकवावे हे प्रशिक्षणात सांगितले जाते, पण दोन तासांच्या मध्ये काय करावे?

उत्तर १ (विशेष शिक्षिका):
आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे हेच अनेक स्वमग्न मुलांना सर्वांत अवघड जाते. दप्तर, परिपाठ, भाषा, खिचडी, मैदान, घर अशी चित्रे पुठ्ठ्यावर एकाखाली एक लावा आणि काम संपले की ते चित्र त्यालाच काढून पाकिटात टाकू द्या. परिपाठाला त्याला ध्वनिक्षेपकापासून दूर, रांगेच्या शेवटी उभे करा. सुट्टी संपण्याच्या पाच मिनिटे आधी वर्गाचे चित्र दाखवा, म्हणजे घंटा अचानक कानावर आदळणार नाही. तो जेवतो कुठे, हेही पाहा. ओळीत बसलेल्या मुलांच्या ताटांचा खणखणाट आणि गरम खिचडीचा वास त्याला असह्य होत असेल, तर रडण्याचे मूळ वर्गात नसून व्हरांड्यात आहे.

उत्तर २ (पालक, मुलगी सातवीत):
आधीच्या शाळेत लेखन अपुरे राहिले की माझ्या मुलीचा खेळाचा तास बंद केला जाई, आणि धावण्याने शांत होणारी ती त्या दिवशी घरी येऊन तासन्‌तास रडत असे. कृपया अशी शिक्षा करू नका, आणि तो बसल्या जागी डुलत असेल तर थांबवू नका. आम्ही एक छोटी वही ठेवतो: रात्रीची झोप आणि सकाळचे खाणे मी लिहिते, दिवस कसा गेला ते बाई लिहितात. झोप झाली नसेल, तर त्या पहिल्या तासाला लेखन देत नाहीत.

उत्तर ३ (मुख्याध्यापक):
सहकारी याला विशेष वागणूक म्हणतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि कलम १६ नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणे शाळेचे कर्तव्य आहे, हे त्यांना शांतपणे दाखवावे. बदली शिक्षकासाठी त्याच्याविषयी चार ओळी हजेरीपटात ठेवाव्यात.

प्रश्नकर्ती:
पहिल्या दिवशी त्याने चित्रे फाडली. नंतर पुठ्ठा बाकाऐवजी दाराजवळ लावला, तेव्हा तो स्वतः जाऊन पाहू लागला. ताट आता व्हरांड्याच्या टोकाला, नळापासून दूर ठेवते. या आठवड्यात तो दोनदाच रडला. परिपाठाचे मात्र अजून जमलेले नाही, म्हणून उद्यापासून तो राष्ट्रगीतापुरताच रांगेत येईल.