मदत हवी आहे: निवडणुकीत उमेदवार मालमत्तेचं देतात ते प्रतिज्ञापत्र कुठं मिळतं?

जुनीमिल_कट्टा: दोन दिवस शोधालालोय, सापडेना. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले इथं नसतं. गल्लीतल्या रस्त्याचं काम दर वेळी इथनं निवडून आलेल्याच्याच माणसाला मिळतं, ते कागदावर दाखवायचंय. शनिवारी बैठक आहे, लवकर सांगा.

माढेकर: कुणाचं? आमदार, खासदार की नगरसेवक?

जुनीमिल_कट्टा: आमच्या प्रभागाचा नगरसेवक.

होटगीरोड: मग केंद्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर बघू नका, तिथं लोकसभा-विधानसभा असते. महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडं.

सातरस्ता: प्रभागात कशाला अडकता? खरा पैसा पक्षाकडं जातो. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, पक्षाला मर्यादाच नाही. पक्षाला देणगी द्यायचे निवडणूक रोखे २०१८ पासून चालले, देणगीदार गुप्त. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, तेव्हा कुठं नावं बाहेर आली.

माढेकर: रोखे आमच्या गावात कुणी बघितले? ज्याचा साखर कारखाना त्याचं राजकारण. ऊस पोचला की १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा १९६६ चा आदेश आहे. मी व्याज कधी मागितलं नाही. माझ्या फडात ऊसतोड टोळी कधी धाडायची ते कारखानावालेच ठरवतात. ऊस वाळला तर वर्ष गेलं.

सातरस्ता: कारखाना सहकारी असेल तर सभासद संचालकांना मतदानात पाडू शकतात की.

माढेकर: मत देणाऱ्याचा ऊसही रानात उभाच असतो ना.



होटगीरोड: मूळ प्रश्नाकडं या. प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता असते. ‘त्याचा माणूस’ म्हणजे नेमका कोण?

जुनीमिल_कट्टा: मेव्हणा. भागीदारी फर्म आहे.

होटगीरोड: हे आधी सांगायचं! मेव्हणा प्रतिज्ञापत्रात दिसणारच नाही. फर्म नोंदलेली असेल तर भागीदारी संस्था निबंधकाकडून उतारा काढा. त्यात नगरसेवक स्वतः भागीदार निघाला तर महापालिका अधिनियमाच्या कलम १० खाली पद जाऊ शकतं. नुसत्या नात्यावर अवघड आहे. कार्यादेश (काम कुणाला दिलं तो कागद) आणि मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंद) माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. शनिवारी हातात काही येणार नाही.

जुनीमिल_कट्टा: लोकांना बोलावलंय. मग अर्जच तिथं लिहू, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

होटगीरोड: सह्यांचा एकच अर्ज नको, माहिती नागरिकाच्या नावानं मागायची असते. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. पाच-सहा जणांनी वेगवेगळे द्या. एकट्याचं नाव पुढं राहिलं की दबाव त्याच्यावरच येतो.