फिटसाठी छातीत मशीन बसवायची म्हणून जमीन विकावी काय?

मलप्रभाकाठ (खानापूर)
आमच्या पाहुण्यांत एक पोरगा आहे. शाळेत असल्यापासून फिट येतात, आता कॉलेजला आहे. डॉक्टरांनी व्हीएनएस मशीनचं (व्हेगस नर्व्हला करंट देणारी) सांगितलं आणि घरात सध्या एकच चर्चा, रस्त्याकडेचे गुंठे काढायचे की सोसायटीचं कर्ज उचलायचं. खर्च लाखांत आहे.

मशीन फसवी आहे असं मी म्हणत नाही. डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली छोटी डबी बसवतात, कातडीखालून वायर मानेपर्यंत नेऊन डाव्या व्हेगस नर्व्हला (मानेतून मेंदूकडे जाणारी नस) गुंडाळतात. दर पाच मिनिटांनी साधारण तीस सेकंद हलका करंट जातो. कवटी उघडावी लागत नाही. अमेरिकेत १९९७ पासून मान्यता आहे. पण मिळतं काय? साधारण निम्म्या लोकांत फिट निम्म्यावर किंवा त्याखाली येतात, तेही वर्ष-दोन वर्षं गेल्यावर. पूर्ण थांबल्या असे फार थोडे. गोळ्या चालूच.

आणि या पोराचा व्हिडिओ ईईजीसुद्धा (फिट येताना व्हिडिओ आणि मेंदूच्या लहरी एकत्र टिपायची तपासणी) झालेला नाही! फिट मेंदूच्या एकाच जागेतून सुरू होत असतील तर ऑपरेशनने त्या थांबू शकतात. दिल्लीच्या एम्सचा अभ्यास २०१७ साली आलाय. औषधांना दाद न देणारी ११६ मुलं होती. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांना वर्षभरानंतर फिट नव्हत्या, नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत ७ टक्के. ही तपासणी न करता मशीनचं नाव काढायचं म्हणजे काय? माझं मत, एवढ्यात नको.

शहापूरची सून
दादा, तपासणी आधी व्हावी हे शंभर टक्के मान्य. पण "निम्म्यावर" हा शब्द तुम्ही फार स्वस्तात लिहिलात.

माझ्या दिरांना मशीन आहे. त्यांची तपासणी बेंगळूरला झाली, फिट मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सुरू होतात, म्हणून ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं. मशीनच्या आधी आमच्या न्हाणीला कडी नव्हती, चुलीपुढे त्यांना कुणी बसू देत नव्हतं, भुवईवर टाके वाळले की पुन्हा नवे. अजूनही फिट येतात, पण कमी, आणि आल्या तरी लवकर आवरतात. मनगटावर लोहचुंबक असतं. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटलं की ते छातीवरून फिरवायचं, मग करंटचा जादा डोस मिळतो. त्यांना नाही जमलं तर सासूबाई फिरवतात. सत्तरी ओलांडलेली बाई, सही करता येत नाही, पण हे बरोबर येतंय.

त्रास आहेच. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो, कधी खोकला. दीर भजनात गातात. अभंग अर्ध्यावर असताना आवाज बसला की हसं व्हायचं. मग डॉक्टरांनीच सांगितलं की चुंबक डबीवर धरून ठेवलं तर तेवढा वेळ मशीन थांबते. आता गायचं असलं की डॉक्टरांनी सांगितलंय तेवढ्याच वेळापुरतं चुंबक तिथं पट्टीने बांधतात, उठताना सोडतात.

"एवढ्यात नको" लिहिताना जपून लिहा. घरची माणसं त्यातलं फक्त "नको" ऐकतात आणि बाहेरचं बघायला जातात.

मलप्रभाकाठ (खानापूर)
वहिनी, तुमच्या दिरांचं प्रकरण वेगळं. तिथं बाकीचे रस्ते बंद झाले होते. आमच्याकडे रस्ते बघितलेलेच नाहीत.

चिकोडी मेडिकल
काउंटरच्या अलीकडून सांगतो. औषधाला दाद देत नाही असं कधी म्हणायचं, याची २०१० सालची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. योग्य निवडलेली, योग्य डोसची दोन औषधं पुरेसे दिवस घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर. आमच्याकडे महिन्याची चिठ्ठी घेऊन दहा दिवसांच्या गोळ्या नेतात. यल्लम्माच्या जत्रेला गेले की गोळ्या घरी. उपवासाला चहा चालतो, गोळी चालत नाही. वर पुन्हा म्हणायचं, औषध लागू पडत नाही! त्या पोराच्या रिकाम्या स्ट्रिपा आधी मोजा, मग गुंठे.

शहापूरची सून
गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही साधारण तिघांत एकाच्या फिट थांबत नाहीत, मेडिकलवाले. प्रत्येक पेशंटला चोर ठरवू नका.

निपाणीकर
हीच मशीन डिप्रेशनवर पण चालते म्हणे. आमच्या आत्येबहिणीला कुणीतरी सुचवलंय. त्याबद्दल कुणी लिहा की.

वडगावचा मास्तर
तिथं मी ठाम विरोधात. फिटच्या बाबतीत पुरावा आहे, डिप्रेशनमध्ये तो डळमळीत. मुख्य चाचणीत दहा आठवड्यांनी मशीन चालू असलेल्यांपैकी १५ टक्क्यांना फरक पडला, बंद ठेवलेल्यांपैकी १० टक्क्यांना. एवढ्या फरकावरून काही सिद्ध होत नाही. तरी २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २००७ साली तिथल्याच सरकारी विम्याने पैसे द्यायला नकार दिला. अलीकडच्या मोठ्या चाचणीतही वर्षअखेर मुख्य मोजमापात दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. त्यापेक्षा धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ आहे, दोन तासांवर. शॉक ट्रीटमेंटच्या नावाने लोक घाबरतात, पण २०१७ च्या कायद्याने भूल दिल्याशिवाय ती देताच येत नाही, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये तिचा गुण आठवड्यांत दिसतो.

कंग्राळीची
मास्तर, अर्धंच सांगितलंत. पाच वर्षांच्या नोंदींत मशीनवाल्या ६८ टक्के लोकांना कधी ना कधी चांगला फरक पडला, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ४१ टक्के. डिप्रेशनमध्ये ही हळू काम करते, दहा आठवड्यांत निकाल मागणं चूक. आणि ही चार-चार उपचार फसलेल्या माणसांसाठी आहे. शॉक घेऊनही पुन्हा पुन्हा खाली जाणाऱ्यांना तुम्ही काय देणार?

वडगावचा मास्तर
त्या नोंदीत कुणी मशीन घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना घ्यायची होती त्यांनी घेतली. तुलना लंगडी आहे. निपाणीकर, आत्येबहिणीचे चार उपचार झालेत काय, ते आधी विचारा.

सीमावासी
महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने विरोध केला. आपल्या माणसाने उपचार मागायचे कुणाकडे?

मलप्रभाकाठ (खानापूर)
तो वाद मोठा आहे, पण इथं नको. ज्या योजनेचं कार्ड असेल, त्यात ही मशीन बसते काय ते दवाखान्याच्या योजना काउंटरवर लेखी घ्यावं. तोंडी "होतंय बघू" वर कुणी गुंठे काढू नयेत. आणि बॅटरी काही वर्षांनी संपते, तेव्हा डबी बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन. तो खर्च आजच्या हिशोबात कुणी धरत नाही. करंट थोडा थोडा वाढवायलाही सुरुवातीला वारंवार जावं लागतं, त्या प्रत्येक खेपेला कुणाची तरी मजुरी बुडते.

पोराच्या बापाशी बोललो. आधी व्हिडिओ ईईजी करायचं कबूल झालेत.

शहापूरची सून
चांगलं झालं. पुढे मशीन बसलीच तर मशीनचं कार्ड कायम खिशात ठेवायला सांगा. एमआरआय काढायचा झाला तर आधी मॉडेल दाखवावं लागतं. आणि कंबर-गुडघ्यासाठी फिजिओकडे डायाथर्मीचा शेक देतात, तो ही मशीन असलेल्याने शरीरावर कुठेच घ्यायचा नाही. आमच्या दिरांना तो शेक देणारच होते, सासूबाईंनी कार्ड पुढे केलं म्हणून थांबले.