आत्मविश्वासाचा नव्वद दिवसांचा आराखडा नवव्या दिवशीच का कोसळला?

ताळेबंद (प्रश्न)

नमस्कार. वय ४२, आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार. हे पद मला बिनविरोध मिळाले, म्हणजे निवड झाली तेव्हा मी चहा सांगायला खाली गेलो होतो. गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब वाचताना माझी अशी बोबडी वळली की पाणीपट्टीचे २ लाख ४० हजार मी चक्क २ कोटी ४० हजार असे वाचले, आणि मागच्या रांगेतील एका ज्येष्ठ सभासदांनी "एवढ्या पाण्यात आम्ही पोहलो कधी?" असे विचारले. तेव्हापासून इमारतीतील मुले जिन्यात मला पोहण्याच्या वर्गाच्या वेळा विचारतात.

यंदाची सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागणार, म्हणून मी रीतसर आराखडा आखला: पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याची आंघोळ, आणि आरशासमोर उभे राहून "मी निर्भय आहे" असे एकवीस वेळा म्हणणे. नवव्या दिवशी चौदाव्या आवर्तनाला दाराबाहेरून पत्नीचा आवाज आला, "निर्भयराव, दूधवाल्याने बिलात दोन लिटर जास्त लावलेत. तो खाली उभाच आहे, सांगता का जरा?" मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि उरलेली सात आवर्तने पूर्ण केली. आराखड्यात नेमके काय चुकले असावे?

निवृत्त खडू

खजिनदारसाहेब, खरा आराखडा वहिनींनी दाराबाहेरून सांगितला होता. आपण आतून कडी लावून बसलात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास चार वाटांनी येतो: ते स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने, आणि छातीतल्या धडधडीचा आपण जो अर्थ लावतो त्याने. यांतली पहिली वाट सर्वांत भक्कम. आपण तिसरीवर सगळी भिस्त ठेवलीत, आणि धीर देणाराही आरशातलाच, म्हणजे हितसंबंध असलेला साक्षीदार.

म्हणून आधी दूधवाला. मग कार्यकारी समितीच्या बैठकीत, बसल्या जागेवरून का होईना, एकाच खर्चाचा तपशील. त्यानंतर रिकाम्या सभागृहात खुर्च्या मांडून, उभे राहून, पूर्ण हिशेब मोठ्याने वाचावा, तोही एकदा नव्हे, चार-पाचदा. शाळेत पस्तीस वर्षे घालवल्यावर सांगतो, ज्या जागेची धास्ती आहे तिथेच सराव करावा. घरात पाठ झालेली कविता फळ्याजवळ विसरणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि मोठे आकडे कागदावर अक्षरांत लिहा, म्हणजे लाखाचे कोटी होणार नाहीत.

आपली फजिती फारच मोठी वाटत असेल तर आठवावे की इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, डोके गरगरून त्यांना एकही प्रश्न सुचेना, आणि घेतलेली तीस रुपये फी परत करायची तयारी दाखवून ते खाली बसले. आपण निदान आकडा तरी वाचलात.

कोपऱ्यातली खुर्ची

पायऱ्यांबद्दल सहमत आहे, पण विनोदाबद्दल एक सावधगिरी सुचवते. मी कित्येक वर्षे बैठकीत बोलण्याआधी "मला काही फारसं कळत नाही हं" असे हसत हसत म्हणत असे. मला तो विनय वाटायचा. ऐकणाऱ्यांनी तो माहिती म्हणून नोंदवून ठेवला, आणि पुढे कामेही त्याच हिशेबाने मिळाली. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते: घडून गेलेल्या फजितीवर खुशाल हसावे, करायच्या कामावर मात्र आधीच हसू नये. पहिल्याने ओझे उतरते, दुसऱ्याने माघारीची वाट मोकळी राहते.

शिवाय लोक आपल्याकडे आपण समजतो तेवढे पाहतही नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवले होते. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाने पाहिला होता. अर्थात आपल्या जिन्यातल्या मुलांना हा निष्कर्ष लागू होईल असे वाटत नाही.

ताळेबंद

दोघांचेही आभार. आज दूधवाल्याशी बोललो. घशाला कोरड पडली होती, पण वाक्य पूर्ण केले. त्याने शांतपणे वही उघडून दाखवली: मेहुणे आले होते त्या दिवशी बासुंदीसाठी दोन लिटर दूध आमच्याकडूनच जास्तीचे मागवले होते. म्हणजे चूक आमची निघाली, मी माफी मागितली, आणि तरीही संध्याकाळी मी जिवंत असून जेवण नेहमीसारखे गेले.

रविवारी रिकाम्या सभागृहात पहिले वाचन आहे. श्रोते म्हणून रखवालदार काकांनी यायचे कबूल केले आहे. सभेत सुरुवात अशी करावी म्हणतो: "यंदा पाणीपट्टी लाखातच आहे, जलतरण तलावाचा प्रस्ताव समितीसमोर नाही." पथ्यात बसते का?

कोपऱ्यातली खुर्ची

गेल्या वर्षीच्या फजितीवर आहे, त्यामुळे बसते. फक्त पुढचा आकडा बरोबर वाचा.