चपला आधी काढा, मग बोलू

शहाबादी_फरशी
एक पोस्ट कालपासून ग्रुपाग्रुपांतून फिरत शेवटी माझ्यापर्यंत आली. लिहिणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं: पाहुण्याला दारात चपला काढायला लावणं हा त्याचा अपमान आहे, घर माणसांसाठी असतं, फरशीसाठी नाही, आणि पुढारलेल्या जगात कोणी असलं करत नाही. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची ही रांग. गप्प बसणार होते, पण राहवेना.

अहो, आपल्याकडे फरशीवर काय काय चालतं ते तरी बघा. आमच्या सासूबाई अजून खाली बसून भाजी निवडतात. उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमतात त्या फरशीवरच. चार पाहुणे जास्त झाले की गाद्या खालीच पडतात. नातू रांगतो आणि सांडलेला चुरमुरा उचलून सरळ तोंडात घालतो. आणि तुमचा बूट येतो कुठून? स्टेशनच्या मुतारीतून, मंडईच्या चिखलातून, कोपऱ्यावरच्या पिचकाऱ्या तुडवत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या जंतूच्या तापाने, माणसं गेली. आजही तुंबलेल्या पाण्यातून चालत आलं की डॉक्टर गोळ्या घ्यायला सांगतात. त्याच पाण्यातले बूट माझ्या हॉलमध्ये?

आणि अपमान कसला? चहा देते, पोहे देते, 'जेवूनच जा' म्हणते. एवढं करूनही ज्याचा मान चपलेत अडकलाय, त्याने तो मानही दाराबाहेर ठेवावा.

वाशीचा_पाहुणा
ताई, घर तुमचं, नियम तुमचा. पण 'या' म्हणायच्या आधी 'चपला काढा हं' म्हणणारी माणसं असतात, त्यांचं काय?

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. बुटाला पट्टे, वाकता येत नाही. एका नातेवाइकांकडे बारशाला गेलो. दाराशी बसायला स्टूल नाही, धरायला काही नाही. ती भिंतीला टेकून एका पायावर उभी, मी खाली बसून पट्टे सोडतोय, आणि आतून आवाज आला, 'भिंतीला हात नको लावू हं, परवाच रंग दिलाय'. त्यानंतर आईने त्या घरी जायचं नाव काढलेलं नाही. चपला काढायला लावायच्या तर टेकायला काहीतरी ठेवा.

शहाबादी_फरशी
स्टुलाला कोण नको म्हणतंय? त्यांच्या रंगाचा राग माझ्या फरशीवर कशाला?

जंतू_शोधक
2008 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या चार्ल्स गर्बांनी बुटांचे तळवे तपासले होते. विष्ठेतले जंतू बहुतेक सगळ्या बुटांवर सापडले, आणि ते बुटावरून फरशीवर उतरतात हेही दिसलं. विषय संपला.

खवचट_खलबत्ता
संपला कसा? त्या अभ्यासात एक बूट कंपनी सामील होती आणि बूट मशिनमध्ये धुतले की जंतू जातात हेही त्यातच होतं, ते बरं विसरलात. तळव्यावर जंतू सापडले म्हणून घरातली माणसं आजारी पडली असं होत नाही. लेप्टोचा जंतू तर कोरडं पडलं की मरतो. आणि फरशीची एवढी काळजी असलेली मंडळी भाजीची पिशवी रिक्षाच्या पायाशी ठेवतात आणि घरी आल्यावर तीच ओट्यावर ठेवतात. तिला सांगा दाराबाहेर थांबायला.

वायरमन_दादा
पाहुण्यांचं राहू द्या, ते चहा पिऊन जातात. आम्ही कामाला येतो. ठाण्यात इलेक्ट्रिकची कामं घेतो मी.

गिझर बघायला बोलावतात. बाथरूम ओलं. माझ्या पायात रबरी सोलचे बूट असतात, ते शोभेला नाहीत. करंट अंगातून जमिनीत जायला वाट शोधतो, ओली फरशी आणि उघडा पाय म्हणजे वाट तयार. तरी दारातच सांगतात, 'बूट बाहेर'. मग मेन बंद करतो म्हटलं तर म्हणतात नको, वाय-फाय जाईल, साहेबांची मीटिंग चालू आहे. म्हणजे लाइन चालू, फरशी ओली, आणि मी अनवाणी. आमच्यातल्या एका पोराला असाच झटका बसला, मागच्या मागे कमोडवर आदळला. बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, 'कमोड फुटला नाही ना?'

गॅसवाल्यालाही विचारा. आत गॅस 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन, भरलेला सिलिंडर तीसेक किलोला जातो. तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढणाऱ्याला तुम्ही दारात एका पायावर उभं करता. अंगठ्यावर पडला तर पाय त्याचा जातो, तुमची टाइल बदलून मिळते.

शहाबादी_फरशी
बुटांवर घालायची निळी कव्हरं मिळतात की. इतकी काही महाग नसतात.

वायरमन_दादा
ओल्या फरशीवर प्लास्टिक घालून? एकदा ते घालून शिडीवर चढा, मी खाली शिडी धरतो.

गोथेनबर्गकर
दादांचं पटलं. पण त्या 'पुढारलेल्या जगात'वर बोलायचंय. इथे स्वीडनमध्ये बूट घालून दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस शोधून दाखवा. हिवाळाभर बर्फाचा चिखल, त्यात कोणी घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली बारीक खडी बुटाच्या खाचांत बसते आणि लाकडी जमिनीवर ओरखडे काढते. घरगुती समारंभाला जाताना लोक पिशवीत घरात घालायचे वेगळे बूट नेतात. नॉर्वे, फिनलंड, कॅनडा, सगळीकडे बूट दाराशीच. जपानात तर संडासाच्या सपाता वेगळ्या, आणि त्याच घालून कोणी बाहेर आलं की यजमान हसू दाबतात. त्या गृहस्थांनी पुढारलेलं जग टीव्हीवर पाहिलेलं दिसतंय, जिथे माणसं बुटांसकट पलंगावर लोळतात.

फक्त एक फरक. इथे प्रत्येक घरात दाराशी त्यासाठी जागा असते. बसायला बाक, कोट अडकवायला खुंट्या. आपल्याकडे नियम आहे, जागा नाही.

गोडमिट्टं
जागेचं नंतर बघू. मला साखर. डॉक्टरांनी पावलाला नायलॉनचा बारीक धागा टेकवत विचारलं, 'कळलं की सांगा.' मी डोळे मिटून वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं, 'सुरू कधी करताय?' ते म्हणाले, 'झालं.' त्या दिवसापासून घरातही एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची चप्पल, अनवाणी एक पाऊल नाही. टाचणी रुतली तर मला मोज्यावर रक्त दिसेल तेव्हाच कळणार.

आता गंमत ऐका. ज्या दवाखान्यात हे सांगितलं त्याच्याच दारावर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात'. आत डॉक्टर चकचकीत बुटांत आणि बाकावर सगळे साखरवाले अनवाणी! एकाच्या अंगठ्याला बँडेज, तोही अनवाणी. मी चप्पल काढली नाही तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, 'काका, नियम सगळ्यांना सारखा आहे.'

खवचट_खलबत्ता
दवाखाना बरा म्हणायचा. नव्वदच्या दशकात काँप्युटर क्लासला गेलेले आठवा. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसी, आणि आपण मोज्यांच्या वासात 'डॉस' शिकतोय. काँप्युटरला धूळ चालत नाही म्हणे.

सेक्रेटरी_नाइलाजाने
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. काढलेल्या चपला ठेवता कुठे? दाराबाहेर. दाराबाहेर म्हणजे कुठे? कॉमन पॅसेजमध्ये!

आधी एक जोड येतो. मग रॅक येतो. रॅकवर कुंडी, कुंडीशेजारी छत्र्या, रॅकच्या बाजूला रद्दी, रद्दीला टेकून सायकल. आमच्याकडे एकाने रॅकच्या वर गणपतीची तसबीर लावली, म्हणजे आता हात लावायचीही चोरी. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तपासणीला आलेला माणूस पॅसेजमधून तिरका होऊन चालतो आणि माझ्याकडे बघतो. नोटीस काढली की मी वाईट.

पाचवा_मजला
सगळ्या सेक्रेटऱ्यांना रॅकच दिसतो! आमच्या चेअरमननी जिन्याच्या वळणावर जाळीचं दार बसवलंय, कुत्रा खाली जाऊ नये म्हणून. त्याला नोटीस नाही. माझ्या रॅकला मात्र दोन, वर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, माझ्या बायकोच्या सँडलवर लाल गोल करून.

सेक्रेटरी_नाइलाजाने
जाळीचं दार चूकच आहे. म्हणून रॅक बरोबर होतो का? आग लागली की आधी वीज जाते. अंधार, धूर, वरून म्हातारी माणसं उतरताहेत आणि पायात कोणाची तरी सँडल. त्यात रबर, फोम, रेक्झिन पेटलं की जो काळा धूर निघतो तो जिन्यातूनच वर चढतो.

पाचवा_मजला
मग ठेवू कुठे ते सांगा! दार उघडलं की समोर सोफा. दार आत उघडतं, त्याच्यामागे वीतभर भिंत. बायको म्हणते चपला आत नको, तुम्ही म्हणता बाहेर नको. डोक्यावर घेऊन फिरू?

ओटी_पडवी
घरं आखणं हा माझा धंदा आहे, म्हणून बोलतो. कोकणातल्या आमच्या घरात हा प्रश्नच नव्हता. आधी अंगण, मग पायरी, पायरीशी पाण्याची डोण आणि तांब्या, मग पडवी, मग ओटी, त्यानंतर माजघर. चपला पायरीशी सुटायच्या, पाय धुतले जायचे, 'काढा' म्हणायची वेळच येत नसे. आतली जमीन शेणाने सारवलेली, तीवर वहाण घालून चाललं तर सारवण उखडणार. चाळीत ते काम गॅलरीने केलं. फ्लॅटमध्ये बिल्डरने अंगण, पायरी, पडवी सगळं गाळलं आणि रस्त्यावरून एकदम दिवाणखान्यात आणलं. रीत तेवढी तशीच राहिली.

आणि दोष एकट्या बिल्डरचा नाही. दाराशी चार फुटांचा पट्टा खाली उतरवून सोडू म्हटलं की गिऱ्हाईकच म्हणतं, 'कार्पेट एरियाचा भाव बघितलात का? तिथे टीव्ही युनिट बसेल.'

मराठवाडी_माणूस
पायरी, पडवी, ओटी छान सांगितलंत. पडवीपर्यंत कोण यायचं, ओटीवर कोण बसायचं आणि अंगणातूनच कोणाला बोलून परत पाठवायचे, तेही सांगा की साहेब.

माझ्या आजोबांना गावातल्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. आत जायचं नव्हतंच, फक्त समोरून जायचं. ती कुठली स्वच्छता होती? आजही आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याच्या मावशींच्या चपला रॅकवर चालत नाहीत, जिन्याखाली ठेवायच्या. पायपुसणंही वेगळं. आणि फरशी कोण पुसतं? त्याच.

शहाबादी_फरशी
आता यातही जात आणलीत! मी सगळ्यांना सारखं सांगते. माझ्या घरी आमदार आला तरी त्यालाही चपला काढाव्या लागतील.

मराठवाडी_माणूस
मी आणली नाही, ती आधीपासून दारात उभी होती. आणि आमदाराचं सांगूच नका. प्रचाराला दहा कार्यकर्त्यांसह येतात, तेव्हा 'असू द्या, असू द्या साहेब' म्हणत सगळं घर बाजूला होतं. बूट तसेच आत, हळदीकुंकवाचा पाट ओलांडून. बाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या.

शहाबादी_फरशी
ते वेगळं असतं. दारात माणसांचा लोंढा, सांगायचं कोणाला? गेल्यावर सगळी फरशी फिनेल घालून पुसली.

मराठवाडी_माणूस
बघा, पुसता येते. मग वायरमनच्या वेळीही पुसा.

गोडमिट्टं
😂 दादांना चहा द्या कोणीतरी.

शहाबादी_फरशी
ठीक आहे. विजेच्या आणि सिलिंडरच्या माणसाला सूट, तीही दारातल्या पायपुसण्यावर बूट घासून आल्यावर. साखरवाल्यांना घरातली चप्पल स्वतःची आणायची मुभा. मावशी माझ्याकडे रॅकवरच ठेवतात, बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. पण त्या पोस्टवाल्या गृहस्थांना काहीही सूट नाही. त्यांना दोन्ही पाय धड आहेत, आणि ते फक्त चहालाच येतात.

वायरमन_दादा
सूट दिलीत, आभारी आहे. बोलावताना फोनवरच सांगा की मेन बंद करणार, म्हणजे बुटांवर वादच नको. साहेबांच्या मीटिंगला हॉटस्पॉट लावा.

वाशीचा_पाहुणा
आणि स्टूल?

शहाबादी_फरशी
ठेवते हो! प्लास्टिकचं. रंगाची भिंतही धरा हवी तर.

सेक्रेटरी_नाइलाजाने
स्टूल दाराच्या आत ठेवा. बाहेर ठेवलंत तर नोटीस.

पाचवा_मजला
आलेच परत.

ओटी_पडवी
पाचवा मजला, भिंतीला लावायचे उभे, पुढे झुकणाऱ्या खणांचे रॅक मिळतात. चपला उभ्या राहतात, त्यामुळे वीतभर भिंतीतही बसेल. दारामागे, आतल्या बाजूला लावून घ्या.

पाचवा_मजला
ते पाहिलेत मी. पण आत लावलं तर वास घरात येणार. माझे आणि पोराचे स्पोर्ट्स शूज आहेत, पावसाळ्यात तर विचारूच नका. बाहेर वारा असतो, वास निघून जातो.

सेक्रेटरी_नाइलाजाने
निघून जातो म्हणजे आमच्या दारात येतो. हे लेखी दिल्याबद्दल आभार. पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात घेतोय.