आठ महिन्यांच्या बाळाला पॅमिड्रोनेट द्यावं का?

रामबागची आत्या
भाच्याला ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची बाटली आठवड्याला एक द्यायची होती. घरात रोज एक दिली गेली, दहा दिवस. म्हणजे ६ लाख युनिट, जिथे या वयाला रोज ४०० पुरतात! ओकाऱ्या, शी बंद, लंगोट मात्र सारखे ओले, दूध समोर धरलं की मान फिरवायचा. रक्तातलं कॅल्शियम निघालं १५.२. अकराच्या वर गेलं तरी काळजीच. चार दिवस सलाइन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चाललंय, तरी १४ च्या खाली येत नाही. आता डॉक्टर पॅमिड्रोनेट, म्हणजे हाडातून रक्तात येणारं कॅल्शियम थांबवणारं औषध, म्हणतायत आणि घरात दोन तट पडलेत. माझं मत, द्यायलाच हवं.

निवृत्त सिस्टर
आत्या, मला नाही पटत. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशींना ते आवरतं, आणि वाढत्या बाळाला त्या पेशी हव्याच असतात. २००३ मध्ये एका मुलाबद्दल छापून आलं होतं. फार डोस झाल्याने त्याची हाडं दाट झाली, पण ठिसूळही. सलाइन आणि स्टेरॉइडला अजून दोन दिवस द्या.

रामबागची आत्या
सिस्टर, त्या मुलाला काही वर्षं डोस चालू होते. इथे एकाच डोसचा प्रश्न आहे, किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, तेही काही तासांत सावकाश. जन्मतः ठिसूळ हाडांच्या मुलांना तर हेच औषध वर्षानुवर्षं देतात.

लोकमान्य नगरचा केमिस्ट
एक लक्षात घ्या. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, आठवडेच्या आठवडे निघत राहतं. पॅमिड्रोनेट हाडातून येणारं कॅल्शियम थांबवेल, आतड्यातून शोषलं जाणारं नाही. ते शोषण स्टेरॉइड कमी करतं, म्हणून ते लगेच बंद करू नका. आणि ती ५ मिलीची बाटली! दुकानात लोक हमखास विचारतात, "भैया, रोज एक ना?" मी आता प्रत्येक बाटलीवर पेनाने वार लिहून देतो.

निवृत्त सिस्टर
द्यायचंच ठरलं तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, बघा, औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. नंतर रोज कॅल्शियम आणि फॉस्फरस. कॅल्शियम एकदम खाली गेलं तर झटके येतात, मी वॉर्डात पाहिलेत. माझा विरोध कायम आहे. सोनोग्राफी झाली का?

रामबागची आत्या
क्रिएटिनिन ठीक आहे. सोनोग्राफी आज दुपारी झाली, दोन्ही मूत्रपिंडांत कॅल्शियम साचायला लागलंय. अजून दोन दिवस मी कुठून आणू, सिस्टर?