मदत हवी आहे: गच्चीतला चहा पिवळा पडतोय

मुलुंडला राहतो. तीन वर्षांपूर्वी आसाममधली नोकरी संपवून परतताना जोरहाटहून चहाची चार रोपं आणली. मुंबईच्या उकाड्यात चहा कसला, म्हणून सगळे हसले. पण जोरहाटही सपाटीवरच आहे, तिथेही उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. रोपं जगली, आता मांडीपर्यंत आली आहेत.

रासायनिक काही घालायचं नाही हे पक्कं. चहाचं पान खुडल्यावर कोणी धूत नाही, फवारलेलं बरंचसं थेट कपात येतं. म्हणून दर पंधरवड्याला जीवामृत: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, मूठभर माती. (वासावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा विषय निघालाय. शिवाय तबेल्यात म्हशीचंच शेण मिळतं, गाईचं आणायला लांब जावं लागतं.) आई गावाहून चुलीची राख आणते, तीही महिन्याला मूठभर.

मार्चपासून गच्चीतल्या तिन्ही झाडांची नवी पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या. कोवळ्या पानांवर तपकिरी ठिपकेही आलेत. चौथं झाड खिडकीच्या ग्रिलमध्ये रंगाच्या जुन्या बादलीत आहे, ते मजेत आहे. जीवामृत वाढवू का?

प्रतिसाद १
गच्चीतल्या कुंड्या कसल्या आहेत? पाणी कुठलं?

धागाकर्ता
सिमेंटच्या. मार्चपासून टँकर येतो, बोअरचं पाणी. बादलीतल्या झाडाला फिल्टरखाली साठवलेलं. आणि हो, राख तिथे जात नाही, आईचा हात पोचत नाही.

प्रतिसाद १
मग जीवामृताला कशाला दोष द्यायचा! चहाला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साडेचार ते साडेपाच. सिमेंटमधून चुना उतरतो, बोअरचं पाणी बहुधा जड, वर राख; या सगळ्याने माती अल्कधर्मी होते. मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही, म्हणून नवी पानं पिवळी. राख आजपासून बंद, अंड्याची टरफलंही नकोत. पाऊस सुरू झाला की ग्रोबॅगमध्ये हलवा: दोन भाग कोकणातली लाल माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग कोकोपीट. सोटमूळ तोडू नका. खाली भोकं भरपूर ठेवा, पाणी साचलं तर चहा लगेच मरतो. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा, दिवाळीनंतर कामाला येईल. खात्री हवी असेल तर चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर मातीत चुना आहे.

प्रतिसाद २
ठिपक्यांबद्दल. आमची वेंगुर्ल्याला काजूची बाग आहे. काजूवर येतो तो ढेकण्या चहावरही येतो. कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस शोषतो, तिथे डाग पडतो. सकाळी लवकर शेंडे बघा, दिसला तर हातानेच मारा. तीनच झाडं आहेत! नाहीतर पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. फवारल्यावर पंधरा दिवस खुडू नका, चहा कडू होईल.

धागाकर्ता
आभार. खुडणीची घाई नाहीच, किलोभर चहाला साडेचार किलोच्या आसपास ओली पानं लागतात, माझ्याकडे जेमतेम दोन कप निघतील. ढेकण्या सापडला, दोन होते. व्हिनेगरही टाकलं. सोड्यासारखं फसफसलं. आई शेजारीच उभी होती, म्हणाली, "व्हिनेगरच खराब असेल."