बोवीचे व्हिडिओ: जाहिरातीपलीकडचं काही

म्युझिक व्हिडिओ म्हणजे शेवटी रेकॉर्ड खपवायची जाहिरात, हे मत बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. पण ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीला त्यात बसवता येणार नाही.

'ॲशेस टू ॲशेस' या गाण्याचा व्हिडिओ १९८० चा, म्हणजे एमटीव्ही ही म्युझिक व्हिडिओ दाखवणारी अमेरिकन वाहिनी सुरू व्हायच्या आधीचा. चित्रांचा आराखडा त्याने स्वतः काढला होता, दिग्दर्शनही डेव्हिड मॅलेटबरोबर केलं. काळंठिक्कर आकाश, विदूषकाच्या वेषातला बोवी आणि मागून सरकत येणारा बुलडोझर! नर्तक आणि मूकाभिनय कलाकार लिंडसे केम्पकडे शिकलेला मूकाभिनय इथे पुरेपूर कामी आलाय.

मला मात्र 'लेट्स डान्स' (१९८३) जास्त भिडतो. गाणं नाचाचं, पण पडद्यावर ऑस्ट्रेलियातलं एक आदिवासी जोडपं. ती भर वाहतुकीत रस्ता घासतेय, तो अवजड यंत्र ओढतोय. बोवी स्वतः कॅरिंडा नावाच्या आडगावातल्या पबमध्ये गातो. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच. रेकॉर्ड विकायला याची काय गरज होती? त्याच वर्षी एमटीव्हीच्याच मुलाखतीत त्याने, तुम्ही कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का दाखवता, असं मुलाखतकाराला विचारलं होतं. ती मुलाखत बघाच, समोरच्याची उत्तर देताना झालेली तारांबळ पाहण्यासारखी आहे.